हर्पिसवर ॲसायक्लोव्हिर तपासताना: प्लाक रिडक्शन एसे बिनचूक कसा लावावा

तोच विषाणू, तेच ॲसायक्लोव्हिर, तरी या आठवड्यात आयसी-५० येतं ०.३ आणि पुढच्या महिन्यात २.५. ही तक्रार विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळांत इतकी नेहमीची आहे की बरेच जण दोन्ही आकड्यांची सरासरी काढून मोकळे होतात. तसं करू नका. पन्नास टक्के प्लाक (विषाणूने पेशी मारून पेशींच्या थरात पाडलेली भोकं) कमी करणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, ही औषधाची ठरलेली किंमत नाही. कुठल्या पेशी घेतल्या, वेलमागे (प्लेटमधल्या एका खळग्यामागे) किती विषाणू टाकला, किती तासांनी मोजलं यावर ती हलते. ॲसायक्लोव्हिरच्या औषधमाहितीतच एचएसव्ही-१, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या पहिल्या प्रकारासाठी, ०.०२ ते १३.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि इतकी लांबरुंद पट्टी दिलेली आहे.

म्हणून खालचा बराचसा मजकूर तयारीवर आहे. औषध वेलमध्ये पडेपर्यंत निकाल निम्मा ठरून गेलेला असतो. इथे एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२, व्हेरो पेशी आणि १२ वेलची प्लेट गृहीत धरली आहे.

टप्पा १: परवानगी, हूड आणि हातमोजे

एचएसव्ही हा जैवसुरक्षा पातळी २ चा विषाणू. काम वर्ग २ च्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायचं. रोपं किंवा मीडियम हाताळायचा साधा लॅमिनार फ्लो इथे चालत नाही, कारण त्यातली हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या. रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला विषाणू असेल तर नैतिकता समितीचीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ असतोच. त्यामुळे ‘आपल्याला काय नवीन होणार’ अशी एक बेफिकिरी प्रयोगशाळेत येते. पण बोटाला झालेल्या बारीक चिरेतून गेलेला विषाणू बोटावर दुखरा व्हिटलो उठवतो, आणि डोळ्यात गेलेला थेंब बुबुळावर व्रण करू शकतो. संसर्ग एकदा झाला की विषाणू चेतापेशींत दडून राहतो, औषधाने तो तिथून जात नाही. चष्मा किंवा फेसशील्ड घाला, दोन हातमोजे चढवा, आणि विषाणूच्या कामात सुई-ब्लेड वापरू नका.

> इशारा: हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल, दरवाजाची मूठ, वहीचं पान यांना हात लावायचा नाही. प्रयोगाची टिपणं लिहायला एक जण बाहेर बसवा, किंवा आधी छापलेला तक्ता हूडमध्ये ठेवून तो तिथेच भरा.

हर्पिसला मेदाचं आवरण असतं, त्यामुळे तो ७० टक्के अल्कोहोल आणि ताज्या हायपोक्लोराइटला सहज बळी पडतो. ‘ताज्या’ हा शब्द महत्त्वाचा. महिनाभर उघडी राहिलेली बाटली म्हणजे निव्वळ वासाचं पाणी. ओढून काढलेलं सगळं द्रव १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये किमान १० मिनिटं ठेवा. प्लेटा आणि टिपा ऑटोक्लेव्ह करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रंगाच्या पिशवीत घाला.

टप्पा २: पेशी

व्हेरो पेशी आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या. त्या कुठून आणल्या याची नोंद हवी. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क उसना आणणं सोपं असतं, पण त्याचा पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा, कोणालाच माहीत नसतो. पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून रीतसर मागवलेल्या पेशी घेऊन स्वतःचा गोठवलेला साठा करा, आणि वीस-पंचवीस पॅसेज झाले की जुन्या टाकून नवीन व्हायल काढा.

मायकोप्लाझ्मा या पेशीसंवर्धनात लपून वाढणाऱ्या जीवाणूची तपासणी दर दोन महिन्यांनी करा. मायकोप्लाझ्मामुळे मीडियम गढूळ होत नाही, पेशी वरवर ठीक दिसतात. पण तो न्यूक्लिओसाइडं (डीएनएचे घटक) खातो आणि बदलतो. ॲसायक्लोव्हिर स्वतःच ग्वानोसिनसारखं न्यूक्लिओसाइड असल्याने अशा फ्लास्कमधून आलेला निकाल वाचण्यात अर्थ नाही.

मीडियमची बाटलीही एकदा वाचून बघा. डीएमईएम किंवा एमईएम ठीक. काही मीडियममध्ये, उदाहरणार्थ एफ-१२ मध्ये, थायमिडिन असतं. ॲसायक्लोव्हिरवर पहिला फॉस्फेट चढवणारं विषाणूचं एन्झाइम म्हणजे थायमिडिन किनेज, लघुरूपात टीके. थायमिडिन भरपूर असेल तर एन्झाइम त्यातच अडकतं आणि औषध उगाच कमजोर दिसतं.

आदल्या दिवशी १२ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला साधारण २.५ लाख पेशी, १ मिलि मीडियममध्ये, १० टक्के सीरमसह पेरा. दुसऱ्या दिवशी थर नुकताच भरलेला हवा. पेरल्यावर प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे हलकी हलवा, दहा मिनिटं सपाट जागेवर राहू द्या, मगच इन्क्युबेटरमध्ये. आणि प्लेटांची चळत लावू नका.

> तपासा: संसर्गाआधी प्रत्येक वेल मायक्रोस्कोपखाली बघा. थरात भोकं असतील, कडेला पेशी दाट आणि मध्ये विरळ असतील, किंवा थर तीन दिवसांचा जुना असेल, तर त्या दिवशी एसे लावू नका. अर्धवट थरातली भोकं रंगवल्यावर हुबेहूब प्लाकसारखी दिसतात.

टप्पा ३: विषाणूचा साठा आणि टायटर

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. साठा करताना पेशी भरपूर आणि विषाणू थोडा ठेवा, शंभर पेशींमागे एक विषाणू किंवा त्याहून कमी. जास्त टाकला तर अर्धवट, सदोष कण वाढतात. बहुतेक पेशी गोल होऊन सुटू लागल्या की खरवडून गोळा करा, गोठवून वितळवून फोडा, पेशींचा गाळ सेंट्रिफ्यूजने खाली बसवा आणि वरचं द्रव ०.२ मिलिच्या लहान व्हायलमध्ये वाटा. साठवण उणे ८० अंशांवर. उणे २० च्या डीप फ्रीझरमध्ये एचएसव्हीचं टायटर, म्हणजे दर मिलितल्या जिवंत विषाणूंचा आकडा, झपाट्याने घसरतं. जागा नाही म्हणून ‘दोनच दिवस’ ठेवलेला साठाही त्यात जातो.

एक व्हायल एकदाच वापरायची. ३७ अंशांच्या पाण्यात हातात धरून पटकन वितळवा, बर्फाचा शेवटचा खडा दिसत असतानाच बाहेर काढा आणि बर्फावर ठेवा. उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

टायटर मोजताना गोठवलेलीच व्हायल वापरा. ताज्या द्रवाचं टायटर आणि वितळवलेल्या व्हायलचं टायटर सारखं नसतं, आणि एसेमध्ये तुम्ही वितळवलेलीच वापरणार आहात. दहापट, शंभरपट असं लाखपटीच्या पुढेपर्यंत विरल करा. दर पायरीला टिप बदला. एकाच टिपेने पुढे गेलात तर टिपेच्या आतल्या भिंतीला चिकटलेला विषाणू पुढच्या नळीत जातो आणि टायटर फुगून दिसतं.

समजा लाखपट विरल केलेल्या नळीतून ०.२ मिलि टाकलेल्या तीन वेलमध्ये ३८, ४२ आणि ४६ प्लाक आले. सरासरी ४२. म्हणजे त्या नळीत दर मिलिला २१०, आणि मूळ साठ्यात २.१ कोटी प्लाक पाडणारे विषाणू, ज्याला आपण पीएफयू म्हणतो. एसेसाठी दर वेलला ०.२ मिलिमध्ये ६० पीएफयू हवे, म्हणजे दर मिलिला ३००. साठा चार वेळा दहापट विरल केला की २,१०० उरतात. त्यातलं १ मिलि घेऊन ६ मिलि मीडियम घाला, झाले ३००. या ७ मिलिमध्ये एका विषाणूच्या दोन प्लेटा आरामात होतात.

साठ हाच आकडा का? वीसच्या खाली एक-दोन प्लाकच्या फरकाने टक्केवारी उड्या मारते. शंभराच्या वर १२ वेलच्या प्लेटमध्ये प्लाक एकमेकांत मिसळतात. शिवाय विषाणू जास्त टाकला की आयसी-५० वर सरकतं, आणि संवेदनशील विषाणू प्रतिरोधक वाटू लागतो. सुरुवातीला दिलेल्या ०.३ आणि २.५ च्या तफावतीत हेच कारण पहिल्यांदा तपासा.

रुग्णाच्या नमुन्यातला विषाणू असेल तर पॅसेज शक्य तितके कमी ठेवा. नमुन्यात बहुधा सरमिसळ असते. पेशींत वारंवार वाढवत गेलात तर जे पटकन वाढतात तेच उरतात, आणि रुग्णाच्या फोडात काय होतं ते कळत नाही.

टप्पा ४: औषध

पहिला इशारा वरच देतो, कारण ही चूक छापील प्रबंधांतही सापडते.

> इशारा: पेशीसंवर्धनात व्हॅलासायक्लोव्हिर किंवा फॅमसायक्लोव्हिर वापरू नका. ती पोटातून घेण्यासाठी बनवलेली पूर्वरूपं आहेत. आतड्यात आणि यकृतात त्यांचं रूपांतर व्हावं लागतं. प्लेटमध्ये अनुक्रमे ॲसायक्लोव्हिर आणि पेनसायक्लोव्हिर घ्या.

औषधाच्या दुकानातली गोळी कुटून घालणं हाही असाच प्रकार. ४०० मिलिग्रॅमच्या गोळीत बाकीची भर असते, तिचं वजन म्हणजे औषधाचं वजन नव्हे. शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेली पावडर आणा आणि वजन करताना शुद्धतेचा टक्का हिशेबात धरा.

ॲसायक्लोव्हिर पाण्यात नाखूष आहे. ३७ अंशांना जेमतेम २.५ मिलिग्रॅम प्रति मिलि विरघळतं आणि गार होताच सुईसारखे स्फटिक पडतात. डीएमएसओ या द्रावकात १० मिलिग्रॅम प्रति मिलि साठा करा, छोट्या नळ्यांत वाटून उणे २० ला ठेवा. वापरण्याआधी नळी उजेडासमोर धरा. तळाशी चमकणारे कण दिसले तर कोमट करून पूर्ण विरघळू द्या. वेलमधलं अंतिम डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत ठेवा.

मात्रा किती घ्यायच्या? अनोळखी विषाणूसाठी पहिल्या खेपेला चौपटीच्या पायऱ्या: ०.०३, ०.१२५, ०.५, २, ८ आणि ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. साधारण कुठे आहोत ते कळलं की दुसऱ्या खेपेला दुपटीच्या: ०.१२५, ०.२५, ०.५, १, २, ४. एकाच खेपेत दोन्ही साधायला गेलात तर वक्राच्या उतारावर एखादाच बिंदू येतो आणि बाकीचे सगळे शून्य किंवा शंभरवर बसतात.

फॉसकार्नेट हे दुसरं विषाणूरोधी औषधही तपासायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी, त्याच विषाणूच्या नळीतून लावा. त्याचं कारण शेवटी येईल.

टप्पा ५: ओव्हरले

ओव्हरलेचं काम एकच, नवा विषाणू दूरच्या पेशींपर्यंत पोचू न देणं. २ टक्के मिथाइलसेल्युलोज घ्या: २ ग्रॅम पावडर, १०० मिलि पाणी, बाटलीतच चुंबकाची कांडी टाकून ऑटोक्लेव्ह. बाहेर काढाल तेव्हा स्वच्छ पाण्यात पांढरा गोळा तरंगत असेल. नवखे लोक इथे बाटली फेकून देतात. फेकू नका. मिथाइलसेल्युलोज गरम असताना साखळतं आणि गार झाल्यावर विरघळतं. बाटली ४ अंशांवर, मंद चुंबकावर रात्रभर ठेवा, सकाळी मधासारखं पारदर्शक द्रव मिळेल.

हे २ टक्के द्रव आणि दुप्पट तीव्रतेचं मीडियम, ज्यात ४ टक्के सीरम आहे, समसमान मिसळायचं. औषध त्या दुप्पट मीडियममध्ये, अंतिम मात्रेच्या दुप्पट घालायचं. वेलमध्ये ४ हवं असेल तर मीडियममध्ये ८. ही दुप्पट विसरली की सगळे आकडे निम्म्याने चुकतात, आणि चूक सुसंगत असल्यामुळे कधीच लक्षात येत नाही.

सहा नळ्या मांडा. पहिलीत ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिचं १६ मिलि करा: १० मिलिग्रॅमच्या साठ्यातले १२.८ मायक्रोलिटर. बाकीच्या पाच नळ्यांत साधं दुप्पट मीडियम ६-६ मिलि. पहिलीतलं ६ मिलि दुसरीत, नीट मिसळून दुसरीतलं ६ मिलि तिसरीत, असं शेवटपर्यंत, आणि शेवटच्या नळीतलं ६ मिलि टाकून द्या. मग प्रत्येक नळीत जितकं उरलं तितकंच मिथाइलसेल्युलोज. घट्ट द्रव पिपेटच्या भिंतीला चिकटतं, म्हणून सावकाश ओढा, सावकाश सोडा, आणि नळी उलटी-सुलटी करून मिसळा. जोरात हलवलंत तर फेस होतो, आणि त्या बुडबुड्यांखाली पेशी सुकतात.

टप्पा ६: प्लेटांची मांडणी, कागदावर

आदल्या संध्याकाळी कागदावर आखा. तीन विषाणू हवेत: तपासायचा, माहीत असलेला संवेदनशील, जसा केओएस हा एचएसव्ही-१ चा प्रमाण वाण, आणि माहीत असलेला टीके नसलेला प्रतिरोधक. तिसरा नसेल तर औषध चालतं एवढंच सिद्ध होतं. प्रतिरोध असता तर तुमच्या हाताला तो दिसला असता का, हे कळत नाही.

दर विषाणूला दोन प्लेटा. प्रत्येक प्लेटच्या चारपैकी एका स्तंभात औषधाशिवाय विषाणू, उरलेल्या तिनांत तीन मात्रा, दर मात्रेला तीन वेल. औषधाशिवायचा स्तंभ दोन्ही प्लेटांवर हवाच. दुसऱ्या प्लेटची तुलना पहिलीच्या कंट्रोलशी करण्याचा मोह होतो, पण दोन प्लेटांमधल्या पेशी कधीच अगदी सारख्या नसतात. या स्तंभातल्या ओव्हरलेमध्येही डीएमएसओ घाला, सर्वांत मोठ्या मात्रेत आहे तितकंच.

सातवी प्लेट कंट्रोलची: तीन वेल नुसत्या पेशी, तीन वेल डीएमएसओ, तीन वेल विषाणूशिवाय सर्वांत मोठी मात्रा, आणि तीन वेलमध्ये निम्मा विरल केलेला विषाणू. शेवटच्या तिनांत प्लाक साधारण निम्मे यायला हवेत. नाही आले तर तुमचं मोजणं किंवा विरल करणं यात गोम आहे.

टप्पा ७: प्रयोगाचा दिवस

१. ओव्हरले खोलीच्या तापमानाला आणा. मीडियम, फॉस्फेट बफर ३७ अंशांवर.

२. विषाणू शेवटी वितळवा. आधी वितळवून मग प्लेटांवर नावं लिहीत बसू नका. विरल केलेल्या नळ्या बर्फावर.

३. एका वेळी एकाच प्लेटचं मीडियम काढा. हूडमधल्या वाऱ्याने उघडा थर मिनिटाभरात सुकायला लागतो, आणि सुकलेल्या कडा नंतर रंग धरत नाहीत.

४. दर वेलला ०.२ मिलि विषाणू, वेलच्या भिंतीवरून. पेशींवर थेट धार सोडू नका. कंट्रोलच्या ज्या वेलमध्ये विषाणू नाही तिथे तितकंच साधं मीडियम.

५. एक तास ३७ अंशांवर. दर पंधरा मिनिटांनी प्लेट हलकेच झुलवा. चुकलात तर द्रव कडेला जमतं आणि प्लाक वेलच्या परिघावर माळेसारखे येतात.

६. विषाणू काढा, बफरने एकदा धुवा, आणि त्या त्या मात्रेचा ओव्हरले १ मिलि घाला. कमी मात्रेकडून जास्त मात्रेकडे जा.

७. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३७ अंश, ४८ ते ७२ तास. प्लेट हलवायची नाही. रोज उचलून ‘आलं का’ बघायची सवय असते. ओव्हरले पातळ आहे, प्लेट तिरकी झाली की विषाणू एका दिशेला वाहतो आणि प्लाकला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. प्रगती बघायला सातव्या प्लेटमधले विरल विषाणूचे वेल वापरा.

> तपासा: थांबण्याची वेळ औषधाशिवायच्या वेलवरून ठरवा, औषधाच्या वेलवरून नाही. आणि एकदा ठरवलेले तास पुढच्या सगळ्या खेपांना तेच ठेवा.

टप्पा ८: रंगवणं आणि मोजणं

ओव्हरले हूडमध्येच ओढून हायपोक्लोराइटमध्ये घाला. १० टक्के फॉर्मेलिन अर्धा तास. त्यानंतर ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेट दहा-पंधरा मिनिटं, मग पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. प्लेट उलटी करून कागदावर वाळवा. जिवंत थर जांभळा, प्लाक पांढरे.

मोजणाऱ्याला मात्रा माहीत नसावी. झाकणावरच्या खुणा चिकटपट्टीने झाका, किंवा दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. ‘इथे चार मायक्रोग्रॅम आहे’ हे माहीत असलं की डोळा बारीक प्लाक सोडून देतो, यात अप्रामाणिकपणा असायची गरज नाही. औषधाखाली प्लाक संख्येने कमी होण्याआधी आकाराने लहान होतात. टाचणीच्या डोक्याएवढा प्लाक धरायचा की नाही हे मोजायला बसण्याआधी ठरवा आणि वहीत लिहा. शंका आली तर मायक्रोस्कोपखाली बघा: खऱ्या प्लाकच्या कडेला फुगलेल्या, गोल, एकमेकांत मिसळलेल्या पेशी दिसतात. पिपेटच्या टोकाने पडलेल्या ओरखड्याला तशी कड नसते.

टप्पा ९: हिशेब

नमुना घेऊ. औषधाशिवाय सरासरी ५८ प्लाक. पुढे:

- ०.१२५ ला ५३
- ०.२५ ला ४४
- ०.५ ला ३१
- १ ला १४
- २ ला ३
- ४ ला शून्य

०.५ ला ५८ पैकी ३१ म्हणजे ५३.४ टक्के उरले, १ ला २४.१ टक्के. पन्नासचा बिंदू या दोहोंमध्ये. ५३.४ पासून ५० पर्यंतचं अंतर ३.४, आणि दोन बिंदूंमधलं एकूण अंतर २९.३. भागाकार ०.११६. मात्रा दुपटीने वाढते, म्हणून ०.५ ला २ च्या ०.११६ घाताने गुणायचं: आयसी-५० आलं ०.५४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. ॲसायक्लोव्हिरचा रेणुभार २२५.२, म्हणजे सुमारे २.४ मायक्रोमोलर. एकक प्रत्येक वेळी लिहा. मायक्रोग्रॅम आणि मायक्रोमोलर यांची अदलाबदल झाली तर चौपटीहून जास्त फरक पडतो.

सॉफ्टवेअरला आकडे देऊन वक्र काढला तरी चालेल, पण वक्र आणि बिंदू एकत्र छापून बघा. एक बिंदू वक्रापासून दूर असेल तर सॉफ्टवेअर काही बोलत नाही, आकडा तीन दशांशांपर्यंत देऊन टाकतं.

टप्पा १०: निकाल धरायचा की टाकायचा

आधी कंट्रोल. नुसत्या पेशींचा थर अखंड हवा. मोठ्या मात्रेखाली विषाणूशिवायचा थरही तितकाच हवा. औषधाशिवायचे प्लाक ४० ते ८० मध्ये हवेत. आणि संवेदनशील प्रमाण-विषाणूचं आयसी-५० तुमच्याच प्रयोगशाळेतल्या आधीच्या खेपांच्या मध्यावरून दुपटीच्या आत हवं. यातलं एकही चुकलं तर अख्खी खेप बाद. तपासायच्या विषाणूचा आकडा ‘छान’ आला म्हणून खेप वाचवायची नाही. आणि एका खेपेवर निकाल देऊ नका, वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या तीन तरी हव्यात.

ॲसायक्लोव्हिरसाठी २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि किंवा त्याहून जास्त आयसी-५० आलं तर विषाणू प्रतिरोधक धरतात. फॉसकार्नेटसाठी सीमा १०० च्या वर. आता दोन्ही औषधं एकत्र का लावायची ते. ॲसायक्लोव्हिरला दाद न देणाऱ्या बहुतेक विषाणूंत, शंभरात पंचाण्णवच्या आसपास, दोष टीकेमध्ये असतो. फॉसकार्नेट टीकेची वाट न बघता सरळ विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला अडवतं. म्हणून ॲसायक्लोव्हिर चालत नाही आणि फॉसकार्नेट चालतं, असं दिसलं तर आधी टीकेचं जनुक, यूएल२३, वाचायला पाठवा. दोन्ही चालत नसतील तर पॉलिमरेजचं, यूएल३०. अशा टीके-दोषी विषाणूवर पेनसायक्लोव्हिरकडूनही आशा ठेवू नका, त्यालाही तोच किनेज लागतो.

वक्राच्या शेपटीकडे लक्ष द्या. आयसी-५० ०.६ आहे, पण ८ आणि ३२ च्या वेलमध्येही तीन-चार ठसठशीत प्लाक उभे आहेत, तर नमुन्यात दोन प्रकारचे विषाणू असण्याची शक्यता आहे. अहवालात नुसतं ‘संवेदनशील’ लिहिलंत तर डॉक्टरला चुकीची माहिती गेली. प्रतिरोध मुख्यतः प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत, जसं अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर, आढळतो, आणि तिथे ही शेपटीच कामाची असते.

वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्यांसाठी

कडुलिंब, हळद, तुळस यांचे अर्क हर्पिसवर लावून बघणारे एम.एस्सी.चे प्रकल्प आपल्याकडे वर्षाला ढिगाने होतात. त्यांत तीन गोष्टी हमखास चुकतात.

अर्काने पेशीच अर्धमेल्या झाल्या तर विषाणू वाढणार नाही, प्लाक दिसणार नाहीत, आणि लेखात ‘विषाणूरोधी’ असं छापलं जाईल. विषारीपणा एसे जितके तास चालतो तितकेच तास तपासा. २४ तासांची एमटीटी (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजणारी चाचणी) आणि ७२ तासांचा एसे यांची सांगड बसत नाही. शिवाय बऱ्याच अर्कांतली फ्लेवोनॉइडं एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतात, म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्येही अर्क आणि एमटीटी घालून बघा. निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले आयसी-५० हे गुणोत्तर दोन-तीन असेल, तर ते औषध नव्हे.

दुसरी, अर्क कधी घातला. विषाणूत मिसळून तासभर ठेवला तर तो कणाचं आवरण फोडत असेल, साबणही तेच करतो. पेशींना आधी लावला तर विषाणूचं चिकटणं अडत असेल. संसर्गानंतर ओव्हरलेमध्ये घातला तरच वाढीवरच्या परिणामाबद्दल बोलता येतं. हे तीन वेगळे प्रयोग आहेत, त्यांचे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवून ॲसायक्लोव्हिरशी तुलना करू नका.

तिसरी, अर्काचा स्वतःचा रंग आणि गाळ. गाळून घ्या, आणि रंगवण्याआधी थर दोनदा धुवा.

इतर हर्पिस विषाणूंना हीच पद्धत लावताना

कांजिण्या आणि नागिणीचा व्हीझेडव्ही पेशींबाहेर फारसा पडतच नाही. त्याचं द्रव विरल करून उपयोग नाही, संसर्ग झालेल्या पेशीच मोजून टाकाव्या लागतात, त्यामुळे वेलमागचा आकडा जुळवणं बरंच कठीण जातं. सीएमव्हीसाठी (सायटोमेगॅलोव्हायरस) व्हेरो नाही, माणसाच्या त्वचेचे फायब्रोब्लास्ट घ्या, ७ ते १० दिवस थांबा, आणि औषध गॅन्सिक्लोव्हिर. सीएमव्हीकडे हर्पिस सिम्प्लेक्ससारखं टीके नसतं, पहिला फॉस्फेट यूएल९७ हे एन्झाइम चढवतं, म्हणून जनुक वाचायची वेळ आली तर यूएल९७ आणि यूएल५४ मागवा. इतक्या दिवसांत वेलमधलं पाणी उडतं. प्लेटा ओलसर डब्यात ठेवा आणि कडेचे वेल हिशेबात धरू नका.